व्यवसाय : क्रीडा प्रशिक्षक

गृहकर्जाचा अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी बँकेतल्या ताईंचं पेन थांबलं. मी म्हटलं, ‘ॲथलेटिक्स कोच.’
‘म्हणजे शाळेत पीटी टीचर का?’
‘नाही, ग्राउंडवर शिकवते. पंचवटीत. सकाळ-संध्याकाळ.’
‘पगार कुठून होतो?’
‘फी घेते.’
‘पावती देता?’
पावती देत नव्हते. ‘मग गृहिणी लिहिते,’ असं म्हणून त्यांनी लिहूनही टाकलं.

तेव्हा मला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती. माझ्या काही पोरी राज्य स्पर्धेत धावून आल्या होत्या. राग खूप आला, पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की बाईंचं चुकलं नव्हतं. नऊ वर्षांच्या कामाचा दाखवण्यासारखा एक कागद माझ्यापाशी नव्हता.

त्यानंतर मी जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी हा क्रम उलटा केला आणि दोन वर्षं घालवली. आधी संस्था काढली, मग शिक्षण घेतलं, हिशोबाची वही सगळ्यात शेवटी आली. तुम्ही तसं करू नका. आपल्या नाशिकमध्ये गोल्फ क्लबवर, शिवाजी स्टेडियमवर, हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे संकुलात, सिडकोतल्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर शिट्टी घेऊन उभी असणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बरेच जण दिवसा सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट करतात आणि संध्याकाळी ‘आवड म्हणून’ शिकवतात. आवड असायलाच हवी, पण तिच्या जोरावर पंधरा वर्षं निघत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर भारतीय महिलेला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये तिने रौप्यही आणलं. तिला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडवणारे विजेंदर सिंग सगळ्यांना माहीत आहेत, पण ते ‘साई’चे पगारी प्रशिक्षक होते हे फारसं कुणी बोलत नाही. ‘साई’ म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण. पगार होता, म्हणून वर्षानुवर्षं तेच एक काम करता आलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची रोइंगशी गाठ सैन्यात गेल्यावर पडली. तिथून तो २०१६ ला रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या संघातून सुवर्ण घेऊन आला. सैन्यात शिकवणारा माणूस नेमलेला असतो. गावात तो कुणाच्या तरी हौसेवर अवलंबून असतो.

आधी ठरवा : शिक्षक, कोच की संघटक?

मैदानावर तिघांनाही ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं असेल तर वाट बीपीएडची. पदवीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या नियमांखाली चालतो. एखाद्या खेळाचा कोच व्हायचं असेल तर एनआयएस, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, आणि त्या खेळाच्या महासंघाचे परवाने. स्पर्धा भरवणं, संघ नेणं, पंचांची सोय बघणं हे संघटकाचं काम. ते मानाचं आहे, पण त्यातून पोट भरत नाही.

मला रोज कुणी ना कुणी विचारतं, ‘मॅडम, बीपीएड झालंय, आता एनआयएस कशाला?’ बीपीएडमध्ये सगळ्या खेळांची तोंडओळख होते आणि वर्ग सांभाळायला शिकता येतं. चौदा वर्षांच्या मुलीला शंभर मीटरचा स्टार्ट शिकवताना पहिल्या तीन पावलांत कमरेचं काय होतं, हे तिथे कळत नाही. उलटही खरं आहे. एनआयएस केलेल्याला शाळेत कायम शिक्षकाची जागा त्या एका कागदावर मिळत नाही. दोन्ही असतील तर उत्तम. एकच जमणार असेल तर कोणतं काम आयुष्यभर करायचंय ते आधी ठरवा आणि मगच फी भरा.

शिक्षणाचा कागद

पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तीच आपली एनआयएस, आता साईचा भाग. तिथल्या दोन अभ्यासक्रमांत लोक गल्लत करतात. एक सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दुसरा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम. पदविकेचे वर्ग खेळानुसार पतियाळा, बेंगळुरू, कोलकाता, तिरुवनंतपुरम अशा केंद्रांवर चालतात. साईच्या प्रशिक्षकाच्या जागांना सहसा पदविका लागते. सहा आठवडेवाल्याने व्हिजिटिंग कार्डावर नुसतं ‘एनआयएस कोच’ छापलं तर जाणकार माणूस पहिल्याच भेटीत विचारतो, ‘सर्टिफिकेट की डिप्लोमा?’ तेव्हा जे आहे ते नीट छापा.

मी सहा आठवड्यांचाच केला. घरी दोन मुलं होती, वर्षभर बाहेर राहणं शक्य नव्हतं. तरी सांगते, वय पंचवीसच्या आत असेल आणि घरून मोकळीक असेल तर पदविकाच करा. प्रवेशासाठी खेळातली कामगिरी बघतात, म्हणून स्वतःची जुनी प्रमाणपत्रं आत्ताच शोधून ठेवा. माझं विद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र माहेरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, एका कोपऱ्याला वाळवी लागलेलं.

दुसरा जिना महासंघांचा. फुटबॉलमध्ये डी लायसन्सपासून सुरुवात होते, मग सी, बी, ए आणि प्रो. महाराष्ट्रात त्याचं काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. क्रिकेटला नाशिक हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतं, मुंबईच्या नाही. बीसीसीआयच्या लेव्हल परीक्षांची वाट जिल्हा संघटनेतून पुण्याकडे जाते. बॅडमिंटनला जागतिक महासंघाचे लेव्हल १, २, ३ आहेत, ॲथलेटिक्सला वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या लेव्हल, हॉकीला हॉकी इंडियाच्या. बुद्धिबळात फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, प्रशिक्षकांना पदव्या देते : डेव्हलपमेंट इन्स्ट्रक्टर, नॅशनल इन्स्ट्रक्टर, फिडे इन्स्ट्रक्टर, फिडे ट्रेनर आणि सगळ्यात वर सिनियर ट्रेनर. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या ऑलिम्पियाड सुवर्णविजेत्या संघात होता. त्याच्या गावात बुद्धिबळ शिकवणाऱ्याला तरी विद्यार्थ्यांची वाण नसावी. कबड्डी, खो-खो शिकवत असाल तर राज्य संघटनेची पंच परीक्षाही देऊन टाका. पंचगिरीचे पैसे किरकोळ असतात, पण नियमांचं पुस्तक पाठ होतं आणि जिल्हाभरची माणसं ओळखीची होतात.

वर्षानुवर्षं शिकवत आहात पण हातात कागद नाही, अशांसाठी आणखी एक सोय आहे. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत क्रीडा क्षेत्राची वेगळी परिषद आहे आणि अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धतही आहे. शाळेच्या कंत्राटासाठी ते उपयोगी पडतं. एनआयएसची जागा मात्र ते घेत नाही.

मैदान

तोंडी परवानगीवर शाळा किंवा बॅच उभी करू नका. ‘या हो मॅडम, मैदान आपलंच आहे’ म्हणणारा माणूस बदलून जातो, मग नवा साहेब गेटवर अडवतो. सभा लागली, प्रदर्शन लागलं, की मैदान पंधरा दिवस गेलंच. नंतर आपण खिळे आणि काचा वेचत बसतो. २०२७ चा सिंहस्थ डोक्यावर आहे. पंचवटी आणि आसपास शिकवणाऱ्यांनी त्या काळातली पर्यायी जागा आत्ताच बघून ठेवावी.

मैदान महापालिकेचं असेल तर महापालिकेला, क्रीडा संकुलातलं असेल तर संकुल समितीला, शाळेचं असेल तर संस्थेच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. अर्जात वार, वेळ, मुलांची संख्या, खेळ आणि किती शुल्क भरणार, एवढं लिहा. पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली ती पोच हाच तुमचा पहिला खरा कागद.

सिंथेटिक ट्रॅक रोज हवाच, हा हट्ट लहान मुलांच्या बाबतीत सोडा. बारा वर्षांखालच्या मुलांना मातीच बरी. नडगी कमी दुखते.

नोंदणी : एकट्याने की संस्था काढून?

इथे मी दोन वर्षं वाया घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कुणी काही सुरू केलं की पहिला सल्ला मिळतो, ‘संस्था रजिस्टर करून टाक.’ मी केली. सात सभासद लागतात, म्हणून दीर, नणंद, दोन पालक, मैत्रीण आणि तिचा नवरा असे जमवले. महाराष्ट्रात अशा संस्थेची १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी होते आणि कारभार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी जोडला जातो. इथपर्यंत सोपं होतं. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण आलं, सभा, इतिवृत्त आणि ठराव आले. कार्यकारिणीतला एक माणूस बदलला तरी नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. मैत्रीण पुण्याला राहायला गेली, आम्ही तो अर्ज दिला नाही, आणि पुढे अनुदानासाठी फाइल काढली तेव्हा आमची कार्यकारिणीच कागदावर जुनी निघाली. चूक आमचीच.

माझं मत असं. एक कोच आणि एक-दोन बॅच असतील तर आधी एकट्याच्या नावाने धंदा नोंदवा. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. लोक त्यालाच अजून शॉप ॲक्ट म्हणतात. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. व्यवसाय कराची वर्षाला अडीच हजारांची नोंदणी काढा. या कागदांवर अकादमीच्या नावाने चालू खातं उघडता येतं. संस्था केव्हा काढायची? शासनाचं अनुदान हवंय, कंपन्यांचा सामाजिक निधी हवाय किंवा जिल्हा संघटनेचं संलग्नत्व संस्थेलाच मिळतं, असं झालं की. तोपर्यंत सात सह्या गोळा करत हिंडू नका.

करांचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. खेळाच्या प्रशिक्षणाला जीएसटी माफ असल्याचं मैदानावर सर्रास सांगतात. ती माफी आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना आहे, तुम्हा-आम्हा एकट्यांना नाही.

आयकराची गंमत वेगळीच. जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४ जे म्हणजे व्यावसायिकाला पैसे देतानाच कर (टीडीएस) कापण्याचं कलम. त्यासाठी सरकारने २००८ सालीच खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक यांच्या सेवा ‘व्यावसायिक सेवा’ म्हणून अधिसूचित केल्या आहेत. म्हणजे समाज आपल्याला व्यावसायिक म्हणायच्या आधी टीडीएस कापणाऱ्यांनी म्हटलं! डॉक्टर-वकिलांना निम्मं उत्पन्न खर्च धरून सोपा हिशोब करण्याची जी सवलत आहे, तिच्या यादीत मात्र कोचचं नाव नाही. म्हणून ‘मी प्रोफेशनल आहे’ म्हणत स्वतःच विवरणपत्र भरू नका, सीएकडे जा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत, हेही लक्षात असू द्या.

शाळा वर्षाला पन्नास हजारांवर मानधन देत असेल तर दहा टक्के टीडीएस कापेल. कापू द्या. कापलेला पैसा विवरणपत्रात वळता होतो, आणि तुम्ही त्या शाळेत कोच म्हणून काम केलं याची नोंद सरकारदरबारी राहते. कित्येक शाळा ‘किरकोळ खर्च’ म्हणून व्हाउचरवर सही घेऊन रोख देतात आणि आपल्यालाही तेच सोयीचं वाटतं. मलाही वाटायचं. तीन वर्षं विवरणपत्रं भरल्यावर मी पुन्हा कर्जाचा अर्ज केला, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं हे मला कुणी विचारलं नाही.

फी

‘मॅडम, नुसतं पळायचं तर आहे, त्याला कसली फी?’ हे वाक्य ॲथलेटिक्सच्या प्रत्येक कोचने ऐकलंय. क्रिकेटची बॅट हजारोंची घेणारा पालक धावण्याचे महिना आठशे देताना घासाघीस करतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. फी कशाची, हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं. ते छापून द्या : आठवड्याला किती सत्रं, एका कोचमागे किती मुलं, कोणत्या चाचण्या कधी, किती स्पर्धा, प्रथमोपचार आणि विमा.

आता खर्च मांडू. समजा चाळीस मुलं आहेत, महिना हजार रुपये. त्यातली आठ मुलं फी देऊ शकत नाहीत. हातात आले बत्तीस हजार. मैदानाचे तीन, सहायकाचे सात, साहित्याचे अडीच, स्पर्धांच्या प्रवासाचे अडीच आणि विमा-औषधांचे एक, असे सोळा हजार गेले. उरले सोळा. पण वर्षाचे बारा महिने धरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, दिवाळी आणि पावसातले दिवस जातात. दहाच महिने धरा. एक लाख साठ हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला साधारण तेरा हजार तीनशे. एका बॅचवर नाशिकमध्ये घर चालत नाही. हा हिशोब कुणी मला पहिल्या वर्षीच वहीत करून दाखवला असता तर!

म्हणून तीन पाय लागतात. पहिला आपली बॅच. दुसरा शाळेशी किंवा मोठ्या गृहसंकुलाशी लेखी करार. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत त्याला वाव आहे. करारात सत्रांची संख्या, दर, सुट्टीतलं मानधन आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, हे हवंच. तिसरा उन्हाळी शिबिर. शिबिराचे पैसे एकदम येतात, म्हणून लोक वर्षभर त्याच्यावरच विसंबतात. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी साडेआठनंतर मुलांना ट्रॅकवर ठेवू नका, पालक कितीही म्हणोत, ‘नऊपर्यंत घ्या ना, आम्हाला सोयीचं पडतं.’

पावती प्रत्येकाला द्या. ज्याची फी माफ आहे त्यालाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकहून शिकायला आलेल्या माझ्या मुलींच्या पावतीवर लिहिलेलं असतं : फी १,०००, शिष्यवृत्ती १,०००, देय शून्य. यात दोन गोष्टी साधतात. त्या मुलीला आपण फुकट आलोय असं वाटत नाही, आणि वर्षअखेरीला मी किती मुलांना किती रुपयांची मदत केली हे आकड्यात दिसतं. देणगीदार हाच आकडा पहिल्यांदा विचारतो. अशा मुली कित्येकदा उपाशी पोटी येतात. सरावाआधी गूळ-शेंगदाणे, आणि डब्यात नागलीची भाकर असेल तर ती लाजून पिशवीत लपवू नका असं मी त्यांना सांगते. त्या भाकरीत कॅल्शियम किती असतं हे शहरातल्या आयांनीही ऐकावं.

वही

डॉक्टर केसपेपर ठेवतो. आपण काय ठेवतो? बहुतेकांचं सगळं डोक्यात असतं. ‘ही पोरगी मागच्या वर्षीपेक्षा सुधारली’ असं आपण म्हणतो, पण किती, ते सांगता येत नाही.

सुरुवातीला महागडं काही लागत नाही. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत मोठ्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पुश-अप आणि पोटाचे व्यायाम एवढंच आहे. स्टॉपवॉच, टेप, वजनकाटा आणि वाकण्याची पेटी पुरते. पेटी सुताराकडून करून घ्या. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा वर्षातून तीन चाचण्या. प्रत्येक मुलामागे एक पान : जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, आजार-दुखापती, चाचण्या, स्पर्धा. मुलींच्या बाबतीत पाळीची नोंद त्यांच्या संमतीने, वेगळ्या वहीत, बाई सहायकाकडे. सतत थकलेल्या मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी रक्त तपासायला सांगा.

रोजच्या सरावाचा आराखडा आदल्या रात्री चार ओळींत लिहा. सराव झाल्यावर खाली एक ओळ : काय जमलं नाही. दोन वर्षांनी त्या ओळी वाचताना मला माझ्याच चुका रांगेने दिसल्या. एका मुलीला मी सलग तीन आठवडे भारी काम दिलं होतं आणि चौथ्या आठवड्यात तिची नडगी गेली होती. वही नसती तर मी दोष तिच्या बुटांना दिला असता.

पालकांना वर्षातून दोनदा या पानाची प्रत द्या. फीची घासाघीस त्यानंतर कमी होते, हा माझा अनुभव.

मुलांची सुरक्षितता

यात तडजोड नाही.

पोलिस आयुक्तालयाकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढा, स्वतःचं आणि प्रत्येक सहायकाचं. अर्ज ऑनलाइन होतो. कुणी मागितलं नाही तरी काढून फाइलला लावा. एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, गाडीवर सोडायला जायचं नाही. संदेश पाठवायचा तो पालक असलेल्या गटावर. शरीराला हात लावून तंत्र सुधारायचं असेल तर आधी विचारायचं, आणि ते सगळ्यांसमोर. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर बाई व्यवस्थापक असल्याशिवाय संघ निघणार नाही, मग स्पर्धा बुडाली तरी चालेल.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘मुलीची बदनामी होईल’, ‘सर चांगले आहेत’, ‘आपसात मिटवू’ असली वाक्यं कानावर पडतील. कळवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावर मोठ्या अक्षरांत लावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडा संस्था आणि संकुलं नावानिशी येतात, म्हणजे तुमची सहायक मुलगीही त्या संरक्षणात आहे.

उत्तेजकांबद्दल एवढंच : जिममधल्या डब्यातली पावडर कुणाही मुलाला सुचवू नका. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार असतो, आणि देणारा कोचही नियमांतून सुटत नाही.

प्रथमोपचाराचं आणि सीपीआरचं प्रशिक्षण घ्या, गटविमा काढा, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक गेटवर लावा.

शाळा, संघटना आणि क्रीडा कार्यालय

शालेय स्पर्धांत मूल उतरतं ते शाळेच्या नावाने, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जातं. अर्जावर सही मुख्याध्यापक आणि क्रीडा शिक्षकांची. चार वर्षं शिकवलं तुम्ही आणि बातमीत नाव शाळेच्या सरांचं, हे दुखणं जुनं आहे. त्यावर सरांशी भांडणं हा उपाय नाही, कारण पुढच्या वर्षीही सही त्यांचीच लागणार आहे. मी वर्षाच्या सुरुवातीला शाळेला पत्र देते, ‘आपली अमुक विद्यार्थिनी माझ्याकडे अमुक तारखेपासून सराव करते,’ आणि पोच घेते. निकालानंतर शाळेकडून तसं पत्र मागते. बहुतेक मुख्याध्यापक देतात. एकदा एका क्रीडा शिक्षकांनी नाही म्हटलं, तेव्हा त्यांच्या बाकीच्या मुलींना महिनाभर स्टार्ट शिकवायला गेले. आता ते स्वतःच पत्र टाइप करून आणतात.

जिल्हा क्रीडा कार्यालयात वर्षातून दोनदा तरी जा, काम नसताना. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण शाळेमार्फत या कार्यालयाकडूनच मंडळाकडे जातात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. कोणती स्पर्धा यात धरली जाते आणि कोणती नाही, हे कोचला पाठ हवं. गल्लीतल्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धांना हजारो रुपये भरून मुलं नेणारे लोक आहेत. पालकाला वाटतं पोराने देशपातळीवर पदक आणलं, आणि तो कागद पुढे कुठेच चालत नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली आहेत. तुमच्या हातून गेलेला एक खोटा कागद तुमची वीस वर्षं खातो. जन्मतारखेचंही तसंच. वय चोरलेला मुलगा चौदाखाली जिंकतो आणि सतराखाली दिसेनासा होतो.

जिल्हा संघटनेत दोन गट असतील तर दोन्हींना नमस्कार करा. कोणत्या गटाला राज्य संघटनेची मान्यता आहे ते लेखी बघून मुलांची नोंदणी तिथे करा. माझी मुलं दुसऱ्या गटाकडून खेळून आली होती, त्यांचं ते वर्ष फुकट गेलं.

पुरस्काराची फाइल

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. पहिल्याच यादीत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, आणि १९९० ला रमाकांत आचरेकर सरांना तो मिळाला. तिथवर जाणारे थोडे. पण राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मार्गदर्शकांनाही देतात, महिला मार्गदर्शकांसाठी जिजामातांच्या नावाचा पुरस्कार आहे, आणि जिल्हा पातळीवर गुणवंत क्रीडा मार्गदर्शक पुरस्कार आहे. अर्ज स्वतः करायचा असतो. ‘आपण कशाला मागायचं’ म्हणून पुष्कळ चांगले कोच अर्जच करत नाहीत, आणि मग ज्याने फाइल दिली त्याला पुरस्कार मिळाला म्हणून चहाच्या टपरीवर बोलत बसतात.

अर्जाला तुमच्या खेळाडूंच्या कामगिरीचे पुरावे लागतात. जाहिरात आल्यावर ते जमवायला धावू नका. स्पर्धा संपली की त्याच संध्याकाळी निकालपत्रकाची प्रत घ्या आणि संघटनेच्या सचिवांची सही-शिक्का तिथल्या तिथे मागा. दुसऱ्या दिवशी ते संघ घेऊन गेलेले असतात, नाहीतर शिक्का घरी राहिलेला असतो. मी पर्समध्ये एक स्टॅम्प पॅड ठेवते. शिक्का असतो पण पॅड वाळलेलं असतं, असं माझ्याबाबतीत तीनदा झालंय.